भरलेला बाजार आणि मोकळा रस्ता

शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेविषयी नगररचनेच्या ग्रंथांत जी अपेक्षा व्यक्त केलेली असते ती थोडक्यात अशी की, बाजार भरभराटीचा असावा, तेथे पायी जाता यावे, गाडीनेही जाता यावे, व्यापाऱ्यास माल उतरविता यावा, वृद्धांना बसता यावे, मुलांना हिंडता यावे आणि हे सारे एकाच रस्त्यावर एकाच वेळी घडावे. फक्त ज्या रस्त्याकडून ही अपेक्षा करावयाची तो बहुधा बैलगाडी आणि पालखी यांच्या मापाने ठरलेला असतो. पुण्याच्या पेठांमधील बाजार या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे, कारण त्याविषयी स्वतःचे ठाम मत नसलेला पुणेकर अद्याप उपलब्ध झालेला नाही. या सर्व मतांचा निष्कर्ष काढू गेल्यास असे दिसते की, बाजारात गर्दी असली पाहिजे याबद्दल दुकानदार, गिऱ्हाईक, पथारीवाला आणि महानगरपालिका या चारही पक्षांचे एकमत आहे, आणि त्या गर्दीत आपल्याखेरीज दुसऱ्या कोणी येऊ नये याबद्दलही त्यांचे तितकेच एकमत आहे.

पेशवाईत हा प्रश्न नेमका उलट्या बाजूने सोडविला जात असे. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारने एखाद्या जबाबदार गृहस्थास शेटेपण द्यावयाचे, त्याने गावोगावचे वाणी, उदमी आणि कारागीर बोलावून आणावयाचे, आणि येणाऱ्यांस सरकारने कौल, म्हणजे लेखी अभयवचन, देऊन काही वर्षांपुरती करमाफी करावयाची, अशी ती रीत होती. वजने, मापे आणि भाव यांवर देखरेख करण्यास कोतवाल असे. दुकान मांडणारा मनुष्य ही राज्याची गरज आहे असे त्या काळी मानले जाई, आणि तो आला नाही तर पेठ ओस पडून शेट्याची अब्रू जाई. आजच्या व्यवस्थेत दुकान मांडू इच्छिणारा मनुष्य प्रथमदर्शनी संशयित मानला जातो आणि आपण कोणालाही अडथळा करणार नाही हे त्याने निरनिराळ्या खिडक्यांवर सिद्ध करावयाचे असते.

या पेठांमधून जे बाजार आपोआप जमत गेले त्यांचे एक लक्षण नियोजनकर्त्यांना कायम कोड्यात टाकते. तांबट आळीत तांब्याचे काम, बुरूड आळीत बांबूचे, बोहरी आळीत लोखंडी व इतर हत्यारे, तपकीर गल्लीत विजेचे सामान, आणि अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तके, अशी एकाच मालाची दुकाने एकमेकांना खेटून बसलेली असतात. कागदावर हा निव्वळ मूर्खपणा दिसतो, कारण शहाणा व्यापारी प्रतिस्पर्ध्यापासून दूर बसेल असे कोणासही वाटेल. परंतु अर्थशास्त्रात ज्यास समूहन म्हणतात, म्हणजे एका प्रकारचे व्यवसाय एका ठिकाणी जमल्याने सर्वांचाच होणारा लाभ, त्याचा अनुभव या आळ्यांना शास्त्र जन्मण्यापूर्वीपासून आहे. गिऱ्हाईक ज्या चौकात दहा दुकाने आहेत तेथे जाते, कारण पहिल्या दुकानात मान वर न करता दिलेले ‘नाही’ हे उत्तर ऐकल्यावर दुसऱ्या दुकानात जाण्यास त्यास चार पावले पुरतात. प्रत्येक दुकानदार अशा रीतीने शेजाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक धाडत असतो, शेजारी त्याच्याकडे धाडत असतो, आणि दोघेही धंद्यात राम राहिला नाही असे म्हणत असतात. पुण्यातील दुकानांच्या दुपारच्या विश्रांतीविषयी महाराष्ट्रात पुरेसे लिहून झाले असल्याने तिचा येथे केवळ उल्लेख करून पुढे जाणे योग्य ठरेल.

नियोजनपूर्वक बांधलेल्या बाजाराचे पुण्यातील सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे मंडई. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरणारा भाजीबाजार छपराखाली आणण्यासाठी नगरपालिकेने ही वास्तू बांधली, आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ती सुरू झाली. मधोमध उंच मनोरा, भोवती आठ पाखी आणि एकंदर रूप विलायतेतील चर्चचे, अशा इमारतीत वांगी विकण्याची कल्पना त्या वेळी अनेकांना पचली नव्हती. नगरपालिकेत काही वर्षे सरकारनियुक्त सभासद असलेले जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता, कारण तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असल्यामुळे त्यांचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता हे लक्षात घ्यावयास हवे. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे साहेबांचे नाव जाऊन इमारतीस महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले. एखाद्या प्रकल्पास विरोध करणाऱ्याचेच नाव त्या प्रकल्पास देण्याची ही पद्धत पुण्यात नियमाने पाळावयाची ठरविल्यास शहरातील एकही पूल बेनामी राहणार नाही, उलट नावांची प्रतीक्षायादी लावावी लागेल. मंडईच्या बाबतीत शिक्षणाचा मुद्दाही अगदीच वाया गेला नाही, कारण भाजीच्या गाळ्यांवर बसून राजकारणाचे अध्यापन करणारे तेथील मंडळ ‘मंडई विद्यापीठ’ या नावाने प्रसिद्धीस आले आणि त्यास कोणत्याही अनुदानाची गरज पडली नाही.

हे यश पुन्हा घडविण्याचा प्रयत्न त्यानंतर कायद्याने होत आला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये प्रत्येक शहराची विकास योजना तयार होते आणि वीस वर्षांतून निदान एकदा तिची सुधारणा करावी लागते. योजनेची पहिली पायरी म्हणजे विद्यमान भूवापर सर्वेक्षण, ज्यात सध्या कोणती जागा कशासाठी वापरली जाते हे पाहून नकाशा रंगविला जातो. निवासी वापरास पिवळा रंग, वाणिज्य वापरास निळा. पेठेतील एखाद्या जुन्या वाड्यासमोर हा नकाशा हाती घेऊन उभ्या राहिलेल्या सर्वेक्षकाची अवस्था सहानुभूतीस पात्र आहे. रस्त्याकडील ओसरीवर साड्यांचे दुकान, जिन्याखाली घड्याळदुरुस्ती, चौकात शिंपी, माडीवर मालक, मागच्या सोप्यात भाडेकरू, माळ्यावर साड्यांच्या दुकानाचे खोके, आणि मालक व भाडेकरू यांच्यात चाललेला दावा, हे सर्व एकाच भूखंडावर नांदत असते, आणि पिवळा व निळा एकत्र केल्यास होणारा हिरवा रंग शास्त्राने अगोदरच उद्यानास देऊन टाकलेला असतो.

रंगकाम संपेपर्यंत काळ थांबत नाही, ही दुसरी अडचण. पुण्याच्या जुन्या हद्दीची २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी केलेली विकास योजना राज्य शासनाने २०१७ च्या जानेवारीत मंजूर केली, म्हणजे भविष्याचा अर्धा भाग मंजुरीपूर्वीच भूतकाळात जमा झाला होता. यात कोणा एका व्यक्तीचा दोष काढण्यात अर्थ नाही. हरकती, सूचना, सुनावण्या आणि फेरबदल यांतून लोकशाही पद्धतीने जाणारी योजना इतका वेळ घेणारच, आणि ज्या शहरात प्रत्येक नागरिकाची निदान एक हरकत असते त्या शहरात तो थोडा अधिकच लागणार. योजनेत आरक्षण म्हणून एक गोष्ट असते, म्हणजे खाजगी जमिनीवर सार्वजनिक हेतूची खूण. दहा वर्षांत ती जमीन ताब्यात आली नाही तर मालक खरेदीसूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते. अशा रीतीने कित्येक मंडया नकाशावर जन्मतात, नकाशावरच मोठ्या होतात आणि कोणासही एक जुडी मेथी न विकता निवर्ततात.

ज्या मंडया खरोखर बांधल्या जातात त्यांची कथा अधिक उद्बोधक आहे. इमारत उभी राहते, आत सिमेंटचे ओटे होतात, ओट्यांवर क्रमांक पडतात, उद्घाटन होते, आणि काही काळाने आतले ओटे मोकळे व भाजीवाले फाटकाबाहेर, असे दृश्य महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक शहरात पाहावयास मिळते. याचे कारण विक्रेत्यांच्या बेशिस्तीत शोधण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ते गिऱ्हाइकाच्या उजव्या पायात आहे. दुचाकीवरील गिऱ्हाईक गाडी बंद करीत नाही, उतरत नाही, एक पाय जमिनीस टेकवून ‘कोथिंबीर कशी?’ असे विचारते, आणि जो ओटा या पायापासून दूर असेल त्याच्यावरील कोथिंबीर संध्याकाळपर्यंत माना टाकते. साहजिकच आतल्या कोपऱ्यातील विक्रेती पहिल्यांदा टोपली घेऊन दाराशी येते. दाराजवळची, आपले गिऱ्हाईक तुटले म्हणून, पायरीवर येते. पायरीवरची पदपथावर जाते. आणि अखेर सर्वजणी रस्त्यावर येऊन पुन्हा सर्वांचे अंतर समान झाल्यावर शांतता प्रस्थापित होते. ओटे मग रिकामे क्रेट ठेवण्यास, दुपारी पाठ टेकण्यास आणि पत्ते कुटण्यास उपयोगी पडतात. हे गिऱ्हाईक घरी जाऊन भाजीवाल्यांनी रस्ता अडविल्याची तक्रार नोंदविते आणि ती तक्रार रास्त असते.

लक्ष्मी रस्त्यावरील परिस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. या रस्त्याच्या कडेचा आडवा छेद घेतल्यास प्रथम दुकानाची भिंत लागते, मग मूळ नकाशात नसलेली पायरी, मग पायरीवर उभे केलेले पुतळे, ज्यांच्या अंगावर पैठणी किंवा कुर्ता असून चेहऱ्यावर दंडाची कोणतीही भीती नसते, मग वरून आलेले ऊन-पावसाचे छप्पर, त्याखाली रुमाल व केसांच्या पिनांची पथारी, तिला टेकून लावलेल्या दुचाक्यांची रांग, आणि या सर्वांच्या पलीकडे, मोटारी व रिक्षा यांच्या ओघात, पादचारी. पदपथ या सर्व थरांच्या खाली कोठेतरी असतो व महानगरपालिकेच्या दप्तरात त्याची रुंदी बिनचूक नोंदलेली असते. अतिक्रमण विभागाची गाडी वळणावर दिसताच ‘गाडी आली’ असा पुकार होतो, पथारीच्या चार कोपऱ्यांच्या दोऱ्या एका झटक्यात ओढल्या जाऊन तिचे गाठोडे होते, आणि ते गाठोडे पुष्कळदा त्याच दुकानात आश्रयास जाते ज्याच्या मालकाने पथाऱ्यांविरुद्धच्या निवेदनावर सही केलेली असते. ही दुटप्पी वृत्ती नव्हे. समोर पथारी असली की बाया थांबतात आणि थांबलेली बाई दुकानात शिरण्याची शक्यता असते, हे त्यास ठाऊक असते, तसेच संघटनेच्या बैठकीत काय बोलावयाचे असते हेही ठाऊक असते.

वाहने उभी करण्यासाठी पुण्याने सम-विषम तारखांची व्यवस्था स्वीकारली आहे, म्हणजे ‘पी-१’ आणि ‘पी-२’ अशा पाट्या लावून एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूस व दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूस वाहन लावावे, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना सुख-दुःखाचा समान वाटा मिळावा. न्यायबुद्धीने आखलेल्या या योजनेत ग्रेगरीय पंचांगाने एक खोच ठेवली आहे. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषम असल्यामुळे वर्षातून सात वेळा एकाच बाजूच्या वाट्याला सलग दोन दिवस येतात. पोप ग्रेगरी यांना या रस्त्याची माहिती असती तर त्यांनी महिन्यांची काही वेगळी सोय केली असती असे मानण्यास जागा आहे. व्यापाऱ्यांचे ठाम मत असे असते की दुकानासमोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. सकाळी दुकान उघडताना समोर जी पहिली गाडी लागते ती मात्र मालकाची असते, दुसरी दिवाणजींची, आणि नंतरच्या काही विक्रेत्यांच्या. या सर्व गाड्या रात्री दुकान बंद होईपर्यंत हलत नाहीत. २०१८ मध्ये महानगरपालिकेने पैसे घेऊन वाहने लावू देण्याचे वाहनतळ धोरण मंजूर केले तेव्हा त्यास झालेला विरोध पाहता, पैसे देऊन जागा मिळण्यापेक्षा फुकट जागा न मिळणे पुणेकरास अधिक मानवते असे दिसून आले.

गर्दीस कंटाळलेल्यांनी ब्रिटनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तेथे गावाबाहेरील अजस्र दुकानांनी गावातील बाजाररस्ते ओस पाडले. बाहेर दुकान बांधू इच्छिणाऱ्याने आधी गावाच्या मध्यभागी, मग त्याच्या कडेस जागा शोधून पाहावी आणि नाइलाज झाल्यासच बाहेर जावे, असा नियम करूनही गळती थांबली नाही, आणि वूलवर्थ्स या एका कंपनीची शेकडो दुकाने २००९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली. सरकारने किरकोळ व्यापाराच्या सल्लागार मेरी पोर्टास यांच्याकडून २०११ साली अहवाल मागविला, त्यात रस्त्यावर माल मांडणाऱ्यांवरील अनावश्यक निर्बंध काढून टाकावेत आणि राष्ट्रीय बाजारदिन साजरा करावा, अशा शिफारशी होत्या. रविवार पेठेतून एक नमुना पथारी, मालकासह, तिकडे पाठविली असती तर अहवालाचा खर्च वाचला असता.

अमेरिकेत जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दुकानदार आणि रहिवासी यांची रस्त्यावर सतत असलेली नजर हीच रस्त्याची खरी सुरक्षा होय. पेठांमध्ये या सिद्धान्तास पुष्टीच मिळते, किंबहुना येथे नजरेच्या जोडीस तोंडही असल्याने तो मूळ सिद्धान्ताच्या पुढे गेला आहे. कोणाची मुलगी कोणाच्या गाडीवर दिसली ही माहिती ती मुलगी घरी पोहोचण्यापूर्वी पोहोचते, आणि असा बाजार सुरक्षित असतो हे खरे असले तरी सर्वांना तो तितकाच सुखाचा असतो असे म्हणता येणार नाही.

भारतीय बाजाराशी प्रत्यक्ष गाठ पडलेला नियोजनकार म्हणजे पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला, परंतु त्याआधी होळकरांच्या इंदूरसाठी त्याने नगररचनेचा अहवाल सिद्ध केला, जो १९१८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून नेण्याच्या तत्कालीन आवडीस त्याचा विरोध होता. कमीत कमी घरे पाडून, आहे त्या बोळांना थोडी मोकळीक द्यावी, या पद्धतीस तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणे. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा गोरा मनुष्य म्हणजे घरे पाडणारा, असा इंदूरकरांचा रास्त समज झाला, तेव्हा गेडिसने दरबाराकडे एका दिवसापुरते महाराजपद मागितले. दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग यंदा परंपरेने नव्हे, तर ज्या रस्त्यांवरील घरे सर्वाधिक झाडून, रंगवून नीटनेटकी होतील त्यांवरून ठरेल, असे त्याने जाहीर केले. मिरवणुकीत राक्षसाबरोबर प्लेगचा महाकाय उंदीरही काढला. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून शहराने स्वतःच जी सफाई केली ती कोणत्याही नोटिशीने झाली नसती. नियोजनाच्या इतिहासातील या प्रयोगाचा अभ्यास कमी झाला आहे, कदाचित एका दिवसाचे महाराजपद मागण्याची तरतूद आजच्या अधिनियमात नसल्यामुळे.

पुण्यास मिरवणुकीचे सामर्थ्य सांगावे लागत नाही. अनंत चतुर्दशीस मंडईपासून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाणारी विसर्जन मिरवणूक कित्येकदा चोवीस तासांहून अधिक चालते, आणि त्या काळात या रस्त्यावर एकही मोटार नसताना शहर बुडत नाही, ही गोष्ट दरवर्षी लाखो साक्षीदारांसमक्ष सिद्ध होते व दुसऱ्या दिवशी विसरली जाते. ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने याच रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद करून पादचारी दिन साजरा केला. बैलास एक दिवस पोळ्याचा नैवेद्य व झूल आणि उरलेले दिवस जू, त्याच न्यायाने पादचाऱ्यासही वर्षातून एक दिवस मान मिळाला, यात आपल्या संस्कृतीशी विसंगत असे काही नव्हते. पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी मंडईचे मेट्रो स्थानक सुरू झाले. बाजारास पोहोचण्याचा प्रश्न जमिनीवर सुटेना म्हणून तो जमिनीखालून सोडविण्यात आला, आणि स्थानकातून वर आलेल्या प्रवाशास पुन्हा तोच पदपथ शोधावा लागतो.

पथारीवाल्यांची बाजू आता कायद्यातही आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात चाळीस टक्के सभासद पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणे अपेक्षित असते. याच अधिनियमात नैसर्गिक बाजार ही संकल्पना आहे, म्हणजे कोणी न आखता विक्रेते व गिऱ्हाईक जेथे परंपरेने जमत आले ती जागा. आणि असा बाजार पन्नास वर्षांहून जुना असल्यास तो वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशी तरतूद आहे. अर्थात आपण येथे इतकी वर्षे बसतो याचा पुरावा द्यावा लागतो, आणि परवाना कधी मिळालाच नसल्याने परवान्याचा कागद कोणाकडे नसतो. कागद असतो तो एकाच प्रकारचा: विनापरवाना बसल्याबद्दल महानगरपालिकेनेच वेळोवेळी फाडलेली, तारीख, ठिकाण व शिक्क्यासह दिलेली दंडाची पावती. त्यामुळे जाणता पथारीवाला हल्ली दंड भरताना घासाघीस करीत नाही; पावतीवर चौकाचे नाव नीट लिहिले आहे ना, एवढे वाचून घेतो आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्याच्या तळाशी ठेवतो.